जुन्या नाटकांत हसायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका रविवारी आम्ही दहा-बारा जण कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसून जुनं नाटक मोठ्याने वाचतो. नवा माणूस आला की तेच ते प्रश्न निघतात आणि चहा येईपर्यंत उत्तरं देणं माझ्या गळ्यात पडतं. म्हणून एकदाची लिहून काढली.

चार पानं वाचली, हसू काही आलं नाही. माझंच काही चुकतंय का?

बहुतेक तुम्ही मनातल्या मनात वाचलंत. ही नाटकं कानासाठी लिहिलेली आहेत. डोळ्यांनी वाचताना आपण अर्थ उचलतो आणि पुढे पळतो, आणि या नाटकांतला विनोद अर्थापेक्षा बोलण्याच्या तऱ्हेत जास्त असतो. म्हणजे कोण, कुणाशी, कुठलं मराठी बोलतंय.

घरचंच उदाहरण घ्या. ‘आपली भोजनं झाली?’, ‘जेवलात का?’, ‘जेवलास?’, ‘गिळलंस का?’ विचारणं एकच, पण चारही वाक्यांत बोलणारा माणूस वेगळा, ऐकणाराही वेगळा. आता ‘आपली भोजनं झाली?’ हे वाक्य चिडलेल्या बायकोच्या तोंडी घाला, नवऱ्याला उद्देशून. शब्द एकही बदललेला नाही आणि प्रवेश तयार झाला. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचा निम्मा धंदा याच भांडवलावर चालतो. कागदावर ते वाक्य नुसतं सभ्य दिसतं, म्हणून आपण हसत नाही.

सुरुवात कुठल्या नाटकापासून करू?

देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’. याबाबत मी वाद घालत नाही.

फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, बायको कृत्तिका त्याच्यावर. भर रस्त्यात रेवती नावाच्या तरुणीला घेरी येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. ते कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून तिचा प्रियकर आश्विनशेट याची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते. ती निरखून बघत असताना नेमका फाल्गुनराव बघतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती आश्विनशेटला दिसते आणि तोही पेटतो. खोटं कुणीच बोलत नाही, प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं आहे. प्रेक्षकाला पहिल्यापासून सगळं ठाऊक असतं, त्यामुळे रंगमंचावरचा माणूस जितका ठाम, तितके आपण जास्त हसतो.

पात्रांची नावं नीट वाचा. पुरुष महिने, बायका नक्षत्रं. फाल्गुनराव, आश्विनशेट, वैशाखशेट, आणि नोकर तो भादव्या. त्याला ‘भाद्रपदराव’ म्हणण्याइतकी त्याची पत कुठली! तिकडे कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. कॅलेंडर काढून बघा: कृत्तिका नक्षत्र कार्तिक महिन्याचं. फाल्गुनाशी तिची गाठ मुळातच जुळत नाही. आणि रेवती हे शेवटचं नक्षत्र, त्याला लागूनच पुन्हा पहिलं येतं ते अश्विनी. आश्विनशेट आणि रेवतीचं जमतं ते असं. मी तरी हे योगायोग म्हणून सोडायला तयार नाही.

पण ते मोलिएरवरून घेतलंय ना? मग विनोद फ्रेंच झाला.

घेतलंय. मोलिएरचं ‘स्गानारेल’ १६६० चं. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ केलं. तिथून देवलांनी आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक रचलं आणि नंतर त्यात पदं घालून त्याचं संगीत नाटक केलं. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ च्या ऑक्टोबरात रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

घोटाळ्याचा सांगाडा पॅरिसचा, हे कबूल. पण नवरा-बायकोचं भांडण अगदी आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातलं आहे. भिंतीला कान लावून ऐकावं असं. सांगाड्याला कोण हसतो?

‘(स्वगत)’, ‘(प्रकट)’, ‘(जनांतिक)’ या कंसांचं काय करायचं? वाचताना अडखळायला होतं.

अडखळा, पण गाळू नका. ‘स्वगत’ म्हणजे मनात, पण प्रेक्षकांना ऐकू येईल असं. ‘जनांतिक’ म्हणजे रंगमंचावरच्या एखाद्याच पात्राला ऐकू जाईल असं, बाकीचे तेवढ्यापुरते बहिरे. ‘प्रकट’ म्हणजे उघड. जुन्या नाटकातला अर्धा विनोद स्वगत आणि प्रकट यांच्या मधल्या फटीत राहतो. नमुना म्हणून मीच रचलेली दोन वाक्यं देतो:

यजमान: (स्वगत) हा गृहस्थ आता उठला नाही, तर रात्रीचा भात याच्या पानात जाणार! (प्रकट) छे छे, इतक्यात कुठे निघालात? बसा हो!

कंस गाळून वाचलं तर यजमान वेडा ठरतो. दोन्ही वाक्यं एकाच आवाजात वाचली तरी मजा जाते. आमच्याकडे युक्ती अशी: स्वगत वाचताना मान पुस्तकातून वर काढून समोरच्यांकडे बघायचं, प्रकट वाचताना शेजारच्या पात्राकडे वळायचं. एवढ्यावर काम होतं, आवाज बदलायची गरज पडत नाही.

‘म्हातारा इतुका न’ या पदात हसण्यासारखं काय आहे? शाळेत तर रडवेलं म्हणून शिकवलं.

शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. ‘संगीत शारदा’ हे देवलांचंच, बाला-जरठ विवाहावरचं नाटक, किर्लोस्कर नाटक मंडळीने १३ जानेवारी १८९९ ला इंदूरला पहिल्यांदा केलेलं. विषय जिवाशी येणारा आहे. म्हातारा भुजंगनाथ लग्नाला उभा, पैशाला लोभलेला बाप कांचनभट मुलगी शारदा द्यायला तयार. आणि अशा वेळी मुली काय करतात? नवऱ्यामुलाची टर उडवतात.

‘म्हातारा इतुका न, अवघें पाउणशें वयमान’. पहिल्या ओळीतला ‘अवघें’ बघा. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर, आणि त्याच्या आधी ‘फक्त’. आजच्या दुकानदाराने ‘फक्त पंचाहत्तर हजार’ म्हणावं तसं. लगेच पुढे, ‘लग्ना अजुनि लहान’.

मग शरीराची पाहणी सुरू होते: ‘दंताजीचें ठाणें उठलें, फुटले दोन्ही कान । डोळे रुसले कांहिं न बघती, नन्ना म्हणे मान’. दात पडले असं म्हणत नाहीत. दाताला ‘जी’ लावून त्याचा सरदार केला, दंताजी, आणि त्या सरदाराने ठाणं उठवलं. पेशवाईची बखर वाचल्यासारखी ही भाषा एका बोळक्याबद्दल आहे. ‘डोळे रुसले’ म्हटलं की डोळेच घरातली मानी माणसं होतात. सर्वांत वरचढ आहे ती मान. म्हातारपणाने मान लटलट हलते, आणि मुली म्हणतात, ती ‘न-ना’ म्हणतेय. सबंध देहात एक मानच तेवढी शहाणी, तीच या लग्नाला नकार देतेय!

पुढच्या कडव्यात भार वाहून वाहून कंबरेची कमान होते आणि शेवटी ‘उसनी घेउनि ऐट’ म्हातारा चालतो. ऐट उसनी घेतलीय, म्हणजे परत करावी लागणार. हे सगळं हसत गायचं आणि मग ज्या मुलीसाठी ते गायलं तिच्याकडे बघायचं. रडू तिथे येतं, पदात नाही.

शारदा कायद्याला नाव या नाटकावरून पडलं ना?

नाही. अर्ध्या महाराष्ट्राला असंच वाटतं. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावावरून ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला, आपल्या कानांनी त्याचं ‘शारदा’ केलं. नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं.

‘सौभद्र’ तर पौराणिक. त्यात कसला विनोद?

देव घरच्यासारखे बोलतात, हाच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये महाभारतातली माणसं उचलून एका मराठी एकत्र कुटुंबात आणून बसवली. थोरला भाऊ बलराम तापट आणि भोळा. त्याने बहिणीचं लग्न परस्पर दुर्योधनाशी ठरवून टाकलंय. धाकटा कृष्ण तोंडावर ‘हो दादा’ म्हणणारा आणि पाठीमागे सगळं फिरवणारा. असा दादा आणि असा धाकटा भाऊ प्रत्येक लग्नघरात सापडतो.

अर्जुन संन्याशाचा वेश घेऊन येतो आणि बलराम त्या तरण्याताठ्या यतीची सेवा करायला सुभद्रेलाच नेमतो. इथे वाचणाऱ्याने बलरामाला विनोदी करायचं नसतं. बलराम जितका भाविक, तितकं हसू. आमच्यातल्या एका गृहस्थांनी तो एकदा लाडीगोडीने, डोळे मिचकावून वाचला. प्रवेश जागीच मेला.

गडकऱ्यांच्या कोट्यांनी दमायला होतं. हे कबूल करणं पाप आहे का?

मलाही दमायला होतं. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले तेव्हा चौतीस वर्षांचेही नव्हते. त्यांच्या लेखणीला थांबणं माहीत नव्हतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानत आणि कोटीची आवड तिथूनच आली. कोल्हटकर कोटी तोलून मापून करतात, गडकरी पोत्याने ओततात. एका प्रवेशात वीस कोट्या असल्या तर सात अजून चमकतात, पाच समजायला तळटीप लागते आणि उरलेल्या त्या काळीही कुणाला फार कळल्या असतील असं मला वाटत नाही.

यावर उपाय म्हणजे कोटी सुटी चाखू नका. एक पात्र दुसऱ्याला बोलूच देत नाही, शब्दावर शब्द फेकत सुटतं, आणि समोरच्याची जी दमछाक होते, तिच्यावर हसा. भराभर वाचा. एखादी कोटी निसटली तर निसटू द्या, मागून दुसरी येतेच आहे.

‘एकच प्याला’ शोकांतिका आहे. तिथे हसणं बरं दिसतं का?

गडकऱ्यांनीच हसवायची सोय केली आहे. सुधाकराची वकिलीची सनद काही काळापुरती रद्द होते, अपमान त्याला सोसत नाही आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. हाच तळीराम नाटकातला सर्वांत मजेदार माणूस आहे.

त्याचं ‘आर्य मदिरा मंडळ’ घ्या. त्या काळात ‘आर्य’ शब्दाची किती चलती होती हे लक्षात ठेवून हे नाव उच्चारा. आर्य समाज १८७५ चा, आर्य महिला समाज १८८२ चा, नाटकवाल्यांची सुद्धा आर्योद्धारक मंडळी होती. सुधारणेची, उद्धाराची, ठरावांची जी भारदस्त भाषा सभांमधून ऐकू येई, ती तशीच्या तशी उचलून गडकऱ्यांनी दारूच्या गुत्त्यात नेली. मंडळात शास्त्रीबुवाही आहेत आणि खुदाबक्षही. जातिभेद मोडायचं काम इथे सर्वांत सुरळीत चाललंय. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही हे प्रवेश आजही जड जाणार नाहीत.

तळीराम आजारी पडतो तेव्हा डॉक्टर आणि वैद्य त्याच्या उशाशी भांडतात. रोगी बाजूलाच राहतो. तो प्रवेश आम्ही वाचला तेव्हा एका सभासदाच्या घरात खरोखरच कुणी तरी अंथरुणाला खिळलेलं होतं. ते मनापासून हसले आणि मग उठून पाणी प्यायला आत गेले. सुधाकराच्या बायकोचं, सिंधूचं काय होणार हे ठाऊक असताना हे हसू घशात अडकतं. नाटककाराला तेच हवं होतं असं मी धरून चालतो.

संस्कृत नाटकांतला विदूषक मात्र कंटाळवाणा असतो.

बरेचदा, हो. त्याची खादाडी एकदा कळली की कळली. पण ‘मृच्छकटिक’मधला शकार वाचा, देवलांनी हे नाटक मराठीत आणलंय. राजाचा मेहुणा, पैसा भरपूर, अक्कल शून्य. मागधी प्राकृतात बोलतो, त्यात ‘स’चा ‘श’ होतो, त्यावरून त्याचं नावच शकार. म्हणजे माणसाला नाव त्याच्या उच्चारावरून पडलंय!

याला आपण विद्वान आहोत हे दाखवायची हौस. वसंतसेनेचा पाठलाग करताना तो विचारतो, रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी का पळतेस? आणि पुढे हनुमानाने सुभद्रेला पळवलं तसं तुला पळवीन, अशीही धमकी. इथे कुठल्याच टीपेची गरज नाही. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकलेलं पोरही हसतं, कारण राम आणि द्रौपदी एका गोष्टीत नाहीत हे त्याला माहीत आहे आणि राजाच्या मेहुण्याला माहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पुराणाचे दाखले देणारे मेहुणे आपल्याकडे अजून आहेत, असो.

जुनं शुद्धलेखन नडतं. ‘करीं’, ‘जातों’, ‘केलें’... हे अनुस्वार उच्चारायचे का?

नाही. ते अनुच्चारित आहेत, १९६२ च्या नियमांनी गेले. पण अर्थ लावताना उपयोगी पडतात. ‘कर हा करीं धरिला शुभांगी’ या संशयकल्लोळातल्या पदात पहिला ‘कर’ म्हणजे हात आणि ‘करीं’ म्हणजे हातात. आमच्यातल्या एका चार्टर्ड अकाउंटंटना कित्येक वर्षं हे पद वसुलीचं वाटत होतं. खरा अर्थ कळल्यावर थोडे नाराजच झाले.

भाषेतला विनोद भाषांतरात टिकतो का?

भाषांतरात नाही, रूपांतरात टिकतो. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकामध्ये सगळी गंमत लंडनच्या फूलवालीच्या उच्चारांत. ते उच्चार मराठीत आणताच येत नाहीत. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ करताना ते आणायचा प्रयत्नच केला नाही. मराठीला स्वतःची उच्चारांची उतरंड आहे: ‘ण’ला ‘न’ म्हणणारा, ‘ळ’ला ‘ल’ म्हणणारा माणूस तोंड उघडल्याबरोबर कुठल्या पायरीवर बसवला जातो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे आणि उघड बोलायला कुणी तयार नसतो. त्या पायरीवरून मराठी फूलवाली मंजुळा बोलायला लागली, आणि भक्ती बर्वेंनी ती अशी उभी केली की मूळ नाटक इंग्रजी हे लोक विसरले.

मग बोलीभाषा म्हणजे आपोआप विनोद?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज मला टोचतो. पुण्या-मुंबईच्या नाटकांत नोकराला बोली द्यायची आणि हशा घ्यायचा, ही जुनी आळशी खोड आहे.

गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ याच्या नेमकं उलट चालतं. गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवतायत. तिथे मालवणी ही घरची भाषा आहे, आणि हास्यास्पद होते ती पौराणिक नाटकाची जडजंबाल मराठी, कारण ती कुणाच्याच तोंडात बसत नाही. पांडव संतापला की छापील मराठी सुटते आणि मालवणी बाहेर पडते. सगळा जीव त्या मालवणीत. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने याचे पाच हजारांवर प्रयोग केले. दशावतार पाहिलेल्या माणसाला याची मुळं लगेच ओळखू येतात. तिथे संवाद लिहिलेलेच नसतात, आणि देवळासमोर मध्यरात्री राजा प्रधानाशी बोलता बोलता गावातल्या कालच्या भांडणावर कधी घसरेल सांगता येत नाही.

काही विनोद आज खटकतात. काय करायचं?

खटकू द्यायचे. शेक्सपियरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी केलेलं ‘त्राटिका’ वाचताना आमच्यातल्या बायका हसल्या, पण पुरुष हसले तिथे नाही. ते पाहणं हेच त्या दिवशीचं नाटक होतं. बायकांच्या, जातींच्या, व्यंगांच्या नावाने केलेला विनोद आम्ही गाळत नाही, पण त्यावर हशाची वाटही बघत नाही. वाचतो आणि पुढे जातो. एकदा कुणीतरी ‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणालं, तर एक आजी शांतपणे म्हणाल्या, ‘त्या काळी मी होते.’

पुरुष साडी नेसून आला की त्या काळचे लोक हसत नसत?

बालगंधर्व आले की साडीची किनार बघायला बायका माना उंच करत. हशा दूर राहिला. ‘मोरूची मावशी’त मात्र पुरुषाने साडी नेसली की नाट्यगृह कोसळतं. साडी तीच, पुरुषाने नेसलेलीच. फरक इतकाच की मावशी कोण आहे ते नाटकातल्या भोळ्या मंडळींना ठाऊक नसतं आणि आपल्याला असतं. अत्र्यांनी हे नाटक ‘चार्लीज आँट’ या १८९२ च्या इंग्रजी फार्सवरून घेतलं.

घरी वाचन करायचं तर कसं?

चौघं पुरतात. भूमिका वाटताना एक करा: ज्याला विनोदी काम हवंय त्याला ते देऊ नका. आमचा सर्वांत चांगला फाल्गुनराव बँकेतून निवृत्त झालेले एक गंभीर गृहस्थ आहेत. ते प्रत्येक वाक्य कर्जाच्या अर्जासारखं तपासत वाचतात आणि संशयी नवरा आपोआप उभा राहतो.

गाता येत नसेल तर पदं संथपणे वाचा, गाळू मात्र नका. पाच अंकी नाटक एका बैठकीत संपवायच्या भानगडीत पडू नका. पूर्वी ते रात्रभर चालायचं, आणि प्रेक्षक मध्ये झोपही काढून घ्यायचे. दोन अंक झाले की थांबा. अडलेल्या शब्दाला कोश जवळ ठेवा, पण कोश उघडायचा तो अंक संपल्यावर. चहा मात्र तिसऱ्या प्रवेशानंतर लगेच, नाहीतर भादव्या वाचणारा माणूस स्वयंपाकघरात जाऊन बसतो आणि फाल्गुनरावाला हाका मारत बसावं लागतं.